आधी समोरच्याची बाजू

माझी बायको म्हणते, देवळात तीर्थ हातावर पडलं तरी तुम्ही आधी वास घेऊन बघाल. ती वाढवून सांगते, पण फार नाही. कुवेतला शुवैखमधल्या एका स्पेअर पार्ट्सच्या गोदामात मी अकरा वर्षं माल पडताळायचं काम करतोय. खोक्यावर चोवीस लिहिलेलं असलं की मी ते फोडून चोवीस मोजतो. कधीतरी तेवीस निघतात आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागतं. असा माणूस सहकाऱ्यांकडे कसा बघत असेल, ते वेगळं सांगायला नको. तरी इतक्या वर्षांत मी सर्वांत जास्त संशय घेतला तो आमच्या सेफ्टी ऑफिसरवर.

त्याला सगळे फादर म्हणायचे. वसईचा ख्रिस्ती. तरुणपणी सेमिनरीत होता, धर्मगुरू व्हायला निघालेला, आणि सहा वर्षं शिकून शेवटच्या टप्प्यावर बाहेर पडला. का बाहेर पडलात, असं मी त्याला पहिल्याच महिन्यात विचारलं. त्याने मला सेमिनरीत का राहायला हवं होतं याची तीन उत्तम कारणं सांगितली आणि तो डबा धुवायला निघून गेला. तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो आणि मनात अरे-तुरे. इथे मनातलंच चालू ठेवतो.

दिसायला साधा. जुलैत बाहेर पन्नास डिग्री असताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. डब्यात खुबूस, म्हणजे इथली रोटी, आणि सुक्या बोंबलाची चटणी, त्यामुळे पॅन्ट्रीत त्याच्या टेबलाभोवती नेहमी जागा रिकामी असायची. खिशात कोऱ्या कार्डांचा गठ्ठा. कुठलाही प्रश्न निघाला की एक कार्ड काढायचा, त्यावर प्रश्न लिहायचा, आणि मग सुरू.

त्याची बोलण्याची एक पद्धत होती आणि सगळी भानगड त्या पद्धतीतच होती. त्याला स्वतःचं मत असायचं, पण ते तो शेवटी सांगायचा. आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि तीही समोरच्याला जमली नसती इतकी भक्कम. पहिला आक्षेप, दुसरा आक्षेप, तिसरा. मग एक दम घेऊन ‘परंतु’. मग उत्तर. मग एकेका आक्षेपाला वेगळं उत्तर. ऑफिसात एसी चोवीसवर ठेवायचा की अठरावर, एवढ्या प्रश्नालाही हाच क्रम. अठरावाल्यांना पहिली पाच मिनिटं वाटायचं, हा आपला माणूस. सहाव्या मिनिटाला त्यांना कळायचं की आपण हरलो, आणि तेही आपल्यापेक्षा चांगल्या वकिलाच्या हातून.

ही पद्धत त्याची नव्हती. सेमिनरीत त्याला तेराव्या शतकातला एक इटालियन भिक्षू भेटला होता, म्हणजे पुस्तकातून. त्याला तो ‘आमचे गुरुजी’ म्हणायचा. आमचा फोर्कलिफ्टवाला सुरेश दोन वर्षं समजत होता की हे गुरुजी म्हणजे वसईच्या कुठल्यातरी शाळेतले रिटायर्ड हेडमास्तर. “गुरुजींका सांगा हकडे इले तर आमच्याकडे जेवाक येवा,” असं आमंत्रणसुद्धा त्याने दिलं होतं. फादरने ते गुरुजींच्या वतीने मनापासून स्वीकारलं.

गुरुजींचं चरित्र आम्हा सगळ्यांना पाठ होतं. मोठ्या सरदार घराण्यातला मुलगा. घरच्यांना वाटत होतं, एखाद्या श्रीमंत मठाचा अधिपती होईल. हा गेला भिक्षा मागून जगणाऱ्या संन्याशांत. सख्ख्या भावांनी वाटेत पकडून गढीत वर्षभर डांबून ठेवला. तिथे तो वाचत बसला. पुढे शिकायला गेला तर अंगाने एवढा धिप्पाड आणि बोलायला एवढा मंद की वर्गातली पोरं त्याला बैल म्हणायची. एकदा राजाच्या पंगतीत सगळे गप्पा मारत असताना याने मध्येच टेबलावर मूठ आपटली, कारण डोक्यात कित्येक दिवस अडलेला एक मुद्दा तेव्हा सुटला होता. राजाने रागावायच्या ऐवजी लेखनिक बोलावून तो मुद्दा लगेच उतरवून घ्यायला लावला.

“आणि हे सगळं तर्कशास्त्र त्यांच्याकडे आलं कुठून?” फादर बोंबलाचा तुकडा हातात धरून विचारायचा. “ग्रीकांकडून. पण गुरुजी शिकले त्या पॅरिसला पोचलं अरबी पंडितांच्या हातून. गुरुजींनी त्यांचे ग्रंथ वाचले, पानोपानी त्यांचा हवाला दिला, जिथे पटलं नाही तिथे आधी त्यांची बाजू नीट मांडली आणि मग खोडली. सत्य कोण बोलतोय ते बघायचं नाही, काय बोलतोय ते बघायचं.”

हे ऐकून आमचा अरब मुदीर, म्हणजे मॅनेजर, फार खूश व्हायचा. त्याला वाटायचं, हा आपल्या लोकांची स्तुती करतो. तो फादरला कधीकधी केबिनमध्ये चहाला बोलवायचा. मी ते मनात टिपून ठेवायचो. मालाची पडताळणी करणाऱ्याला अकरा वर्षांत मुदीरने चहाला विचारलं नव्हतं.

मी गुपचूप मोबाइलवर शोधलंही. भिक्षू खरा निघाला, गढी खरी निघाली, पंगतही. माझी थोडी निराशाच झाली. पण जो माणूस कुठलीही बाजू इतकी छान मांडू शकतो, त्याची स्वतःची बाजू नेमकी कुठली, हा प्रश्न काही मोबाइलवर सुटला नाही.

संशय घेणारा मी एकटाच नव्हतो. सालमियात एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळींचा गणपतीचा कार्यक्रम असतो. तिथे एका वर्षी मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून याला बोलावलं. विषय, मोबाइल शाप की वरदान. पहिलीच मुलगी ‘शाप’ची तयारी करून आलेली. आईने लिहून दिलेलं भाषण, वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पुढच्या रांगेत व्हिडिओ काढायला सज्ज. फादर म्हणाला, “बाळ, आधी वरदानाची बाजू सांग. अशी सांग की त्या बाजूच्या मुलांना वाटलं पाहिजे, ही आमचीच.”

मुलगी गोंधळली. “बट अंकल, दॅट्स नॉट माय साइड.”

“म्हणूनच तर.”

मुलगी रडायला लागली, वडिलांनी व्हिडिओ बंद केला आणि आईने आयोजकांना बाजूला घेतलं. चहाच्या टेबलापाशी कोणीतरी हळूच म्हणालं, “मिशनरी तर नाही ना हा? मुलांची डोकी फिरवायची हीच पद्धत असते.” खरं तर मी इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून चर्चला चला असा शब्द ऐकला नव्हता. पण मी म्हणालो, “मला तर पहिल्यापासून शंका आहे.” समोसा खाता खाता म्हणालो. पुढच्या वर्षी त्याला आमंत्रण गेलं नाही. त्याने तेही मनाला लावून घेतलं नाही. उलट आयोजकांनी आपल्याला का बोलावू नये याचे चार मुद्दे त्याने मलाच ऐकवले.

अपघात झाला तो दोन वर्षांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी. मागच्या शेडमधला एक उंच रॅक कंप्रेसरच्या खोक्यांसकट आडवा झाला. सुरेश तेव्हा त्याच गल्लीतून फोर्कलिफ्ट नेत होता. शफीक नावाचा बांगलादेशी हेल्पर खाली सापडला. जीव वाचला, पण उजव्या पायाची दोन बोटं गेली. सुरेश आणि शफीक अर्दियाच्या गोदामांमागे एकाच खोलीत राहायचे, एकाच चुलीवरचं जेवायचे. त्या दिवशी सुरेश हॉस्पिटलच्या दारात बसून होता आणि जो येईल त्याला विचारत होता, “फोर्क लागलो काय नाय, माकाच कळाक नाय. तुमी बघितल्यात?” कोणीच बघितलं नव्हतं.

चौकशी अर्थातच सेफ्टी ऑफिसरकडे, म्हणजे फादरकडे. तीन दिवस तो मुदीरच्या केबिनमध्ये जात-येत होता. दार बंद. एकदा बाहेर येताना हातात चहाचा कप. मी मनात म्हटलं, झालं. एका फोर्कलिफ्टवाल्याचा बळी देऊन कंपनी मोकळी होणार आणि रिपोर्ट लिहिणार हा, वाटेल ती बाजू भक्कम मांडणारा.

गुरुवारी दुपारी मी प्रिंटरवरून माझे कागद घ्यायला गेलो, तर ट्रेमध्ये त्याचा रिपोर्ट. अकरा पानं. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी उभ्या उभ्या चार पानं वाचली. मथळ्यात प्रश्न होता, अपघात चालकाच्या निष्काळजीपणामुळे झाला का? आणि खाली, झाला असं दिसतं, कारण. पहिलं, रॅकच्या खांबावर फोर्क घासल्याची खूण आहे. दुसरं, हॉर्न वाजल्याचं कोणीही ऐकलेलं नाही. तिसरं, या चालकाला वेगाबद्दल पूर्वी एकदा ताकीद मिळालेली आहे. चौथं, रॅक पडण्याआधी पाच मिनिटं चालक मोबाइलवर बोलत होता. प्रत्येक मुद्द्याला एक पान, आणि प्रत्येक पान असं की मुदीरने दहा वकील लावले असते तरी इतकं जमलं नसतं.

इथे मी एक गोष्ट कबूल करतो. मला त्याची पद्धत माहीत होती. सहा वर्षं रोज जेवताना मी ती ऐकत होतो. आक्षेप आधी येतात आणि त्याचं मत मागून, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तरी त्या दिवशी मी ठरवलं की ही पद्धत नाही, हेच मत आहे. सहा वर्षांचा माझा संशय अखेर खरा निघाला याचा मला आनंद झाला होता, आणि त्या आनंदात पाचवं पान उलटायची मला गरज वाटली नाही. पावलं वाजली. मी चार पानांचे फोटो काढले आणि बाजूला झालो.

शुक्रवारी सुट्टी. मी अर्दियाला सुरेशच्या खोलीवर गेलो. शफीक अजून हॉस्पिटलात होता, त्याची खाट रिकामी. मी सुरेशला फोटो दाखवले आणि इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं.

तो खाली बसला. “म्हणजे फोर्क लागलो होतो,” तो म्हणाला. “माझ्याच हातान झाला.”

“असं ते म्हणतायत.”

“हॉर्न बिघडलो हा म्हणान मी तीनदा लिवन दिलंय, साहेब.”

“कागद आहे तुझ्याकडे?”

“कागद खय आसा माझ्याकडे!”

मी त्याला समजावलं. हा रिपोर्ट रविवारी गेला की पोलीस केस होईल. केस झाली की प्रवासबंदी लागेल, मग वर्ष-दोन वर्षं इथे अडकून पडशील, कामही नाही आणि घरीही जाता येत नाही. त्यापेक्षा मुदीरला जाऊन भेट, चूक झाली म्हणून लिहून दे, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द करून दे म्हणावं, आणि घर गाठ. आणि काही झालं तरी फादरशी एक अक्षर बोलू नकोस.

“तुमी सांगशात तसा,” सुरेश म्हणाला.

शनिवारी त्याने सही केली. मुदीरला दुसरं काय हवं होतं? त्याने स्वतः फोन करून कागदपत्रं हलवली. रविवारी सकाळी फादर रिपोर्ट घेऊन केबिनमध्ये गेला तेव्हा मुदीर म्हणाला, माणसाने स्वतःच कबूल केलंय, खलास, फाइल बंद. फादर रिपोर्ट तसाच हातात घेऊन बाहेर आला. त्या दिवशी तो अर्दियालाही जाऊन आला. सुरेशने दार उघडलं नाही. आतूनच सांगितलं की साहेबांनी फोटो दाखवलेत, आता काय बोलायचं राहिलं नाही.

कोणते साहेब, हे शोधायला त्याला तीन दिवस लागले. बुधवारी संध्याकाळी तो माझ्या टेबलापाशी आला आणि अकराही पानं समोर ठेवली. आवाज चढवला नाही. “पाचव्यापासून वाचा,” म्हणाला.

पाचव्या पानावर ‘परंतु’ होतं. रॅकचे खांब जमिनीत ज्या बोल्टांनी आवळलेले असतात ते बोल्ट बसवलेलेच नव्हते, भोकं नुसती धुळीने भरलेली. खांबावरची घासल्याची खूण जुनी, आत गंज चढलेला. हॉर्न बंद होता आणि त्याची तक्रार सुरेशने खरंच तीनदा लेखी दिली होती, प्रती सोबत जोडलेल्या. वेगाची ताकीद भलत्याच शिफ्टमधल्या दुसऱ्या चालकाची, यादीत नाव चुकून याचं. आणि मोबाइलवर तो बोलत होता तो सुपरवायझरला सांगायला, की मागच्या शेडमधला रॅक झुकल्यासारखा दिसतोय. निष्कर्ष, चालकाचा दोष नाही. त्या तीन दिवसांत बंद दाराआड हा त्या जुन्या तक्रारींची फाइल मागत होता.

“त्याचं विमान उद्या सकाळी आहे,” फादर म्हणाला. “आत्ता जा. माझं तो ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. सही दबावाखाली केली असं लिहून देता येईल, मी सोबत येतो.”

कोणीही उठला असता. मी बसून राहिलो. माझ्या मनात आलं, ही सात पानं आत्ता बदलून लिहिलेली नसतील कशावरून? पकडला गेला म्हणून स्वतःला वाचवायला? मी ‘बघतो’ म्हणालो. तो गेल्यावर टॉर्च घेऊन मागच्या शेडमध्ये गेलो तर कुलूप. चावी सकाळी सातला मिळायची. मी वाट बघायचं ठरवलं. आयुष्यभर खोकं फोडून बघितल्याशिवाय मी कशावर सही केलेली नाही.

गुरुवारी सात वाजता मी गुडघ्यावर बसून भोकं मोजली. एका खांबाला चार, अशा सहा खांबांची चोवीस. एकातही बोल्ट नव्हता, कधी बसवल्याची खूणही नव्हती. मी बोट घालून धूळ बाहेर काढली. सुरेशचं विमान साडेसहाला सुटलं होतं.

त्यानंतर फादरने रिपोर्ट लिहिणं बंद केलं. महिना झाला, दोन झाले. मुदीर ओरडला, दुसऱ्या माणसाकडून लिहून घ्यायला लागला. मी एकदा धीर करून विचारलं तेव्हा त्याने गुरुजींची मला माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली. आयुष्याच्या अखेरीला, सगळ्यात मोठा ग्रंथ अर्ध्याहून जास्त झालेला असताना, एका सकाळी प्रार्थनेनंतर त्यांनी लिहिणं थांबवलं. लेखनिकाने विनवण्या केल्या. ते म्हणाले, मी जे काही लिहिलंय ते मला आता गवताच्या काडीएवढं वाटतं. पुन्हा लेखणीला हात लावला नाही आणि काही महिन्यांत गेले.

“त्यांना काहीतरी मोठं दिसलं म्हणून ते थांबले,” फादर म्हणाला. “मला तसलं काही दिसलेलं नाही. मला एवढंच दिसलं की माझं लिहिणं लोक अर्धंच वाचतात.”

कंपनीने त्याचा करार पुढे वाढवला नाही. जायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला, रिपोर्टची प्रत ठेवली आणि समोर बसला. खिशातून कार्ड काढलं नाही, पण बोलला त्याच क्रमाने. म्हणाला, “तुमच्या बाजूने सांगतो. पहिलं, तुम्ही सुरेशचं भलं करायला गेला होता, त्यात तुमचा काही फायदा नव्हता. दुसरं, ती चार पानं वाचून कोणाचाही तोच समज झाला असता, आणि ती तशी लिहिण्याचा हट्ट माझा. तिसरं, प्रवासबंदीची भीती खोटी नव्हती. चौथं, माझा रिपोर्ट मुदीरने मानलाच असता याची काही खात्री नाही.”

इतकं चांगलं माझं मलाही सांगता आलं नव्हतं. मला अगदी हलकं वाटलं. मग मीच विचारलं, “आणि परंतु?”

“त्याचं उत्तर मला नका देऊ. सुरेशला फोन करा. शफीकची बोटं आपल्यामुळे गेली असं मनात घेऊन तो माणूस गेलाय. ते उतरवा. मी सांगितलं तर त्याला वाटेल, हा स्वतःची कातडी वाचवतोय. त्याचा विश्वास तुमच्यावर आहे.”

तो वसईला गेला. मी फोन केला नाही. आधी म्हटलं, सुरेश गावी स्थिरावू दे. मग म्हटलं, शफीकला आधी सांगावं. शफीक आता गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहितो, लंगडतो. एकदा मला म्हणाला, “सुरेश भाई ने जान के थोड़ी किया, साब. उसको बोलना, मेरे दिल में कुछ नहीं.” मी मान हलवली आणि त्यालाही काही सांगितलं नाही. कधीकधी मला अजून वाटतं, फादरने हे काम माझ्याच गळ्यात का घातलं? चांगुलपणाने, की शिक्षा म्हणून? मी कितीही बाजूंनी बघितलं तरी मला ते ठरवता येत नाही, आणि ठरत नाही तोवर फोन करायला नको असं मी स्वतःला सांगत राहतो. ही पळवाट आहे. माझी मला कळते आणि लाज वाटते.

गेल्या महिन्यात सुरेशचाच फोन आला. तो आता कुडाळला एका चिऱ्याच्या खाणीवर ट्रॅक्टर चालवतो. फोर्कलिफ्टला पुन्हा हात लावला नाही म्हणाला, भीती वाटते. मुलीचं लग्न ठरलंय, पहिलं आमंत्रण मला.

“तुमी वेळार सांगल्यात म्हणान घराक पोचलंय, साहेब. तुमचे उपकार मी विसराचंय नाय.” मग त्याने विचारलं, “शफीकचो पाय कसो आसा?”

“बरा आहे. चालतो.”

“माझ्या हातान झाला ता. रात्री झोप लागणा नाय.”

रिपोर्ट माझ्या टेबलाच्या वरच्याच खणात होता. खण उघडाच होता. मी पाचवं पान काढलं, समोर ठेवलं आणि पहिली ओळ मनात वाचली.

“पण त्या फादराक मातर,” सुरेश म्हणाला, “मी मरासर माफ करूचंय नाय.”

“नको करूस,” मी म्हणालो.